प्रथिने पचवणारे विकर टिकवायचे कसे?

शेतातली चिमूटभर माती पाण्यात कालवून ८० अंश सेल्सिअसला दहा मिनिटे ठेवली, की तिच्यातले बहुतेक जिवाणू मरतात. बॅसिलस कुळातले मात्र बीजाणूंच्या रूपात तगून राहतात. ते पाणी साय काढलेल्या दुधाच्या आगर-बशीवर पसरून रात्रभर उबेत ठेवायचे. सकाळी त्या दुधाळ पृष्ठभागावर काही वसाहतींभोवती पारदर्शक वलये दिसतात. जिवाणूने बाहेर सोडलेल्या विकराने, म्हणजे प्रोटिएज या एन्झाइमने, तिथले केसिन पचवलेले असते. पदवीचा विद्यार्थीही हा प्रयोग सहज करतो. खरी मेहनत सुरू होते ती यानंतर, ते विकर टिकवताना.

प्रोटिएज हे स्वतःच एक प्रथिन आहे. त्यामुळे द्रावण दाट झाले, की त्याचे रेणू एकमेकांनाच कापू लागतात. जिवाणूला हा धोका स्वतःच्या पेशीतही असतो, आणि त्यावरचा त्याचा तोडगा मला या साऱ्या विषयातला सर्वात सुंदर भाग वाटतो. बॅसिलसचे सबटिलिसिन तयार होते ते ७७ अमिनो आम्लांच्या एका जादा तुकड्यासह. हा तुकडा रेणूला नीट घडी घालायला मदत करतो आणि त्याची कापणारी जागा झाकून ठेवतो. पेशीबाहेर पडल्यावर तो गळतो आणि २७५ अमिनो आम्लांचे सज्ज विकर मोकळे होते. पुढे त्या विकराची घडी कॅल्शियमच्या आयनांनी आवळून धरलेली असते. कॅल्शियम निघाले, की घडी सैल होते आणि शेजारचे रेणू तिचा फडशा पाडतात.

अडचण अशी, की धुण्याच्या पावडरीत जड पाणी मऊ करण्यासाठी नेमके कॅल्शियम पकडणारेच पदार्थ असतात. शिवाय तिथे सोडा आणि ब्लीचही असते. जर्मनीत ऑटो रोम यांनी १९१३च्या सुमारास जनावरांच्या स्वादुपिंडातले विकर धुलाईसाठी वापरून पाहिले, पण सोड्याच्या पाण्यात त्याचा जोर टिकेना. मार्ग निघाला तो जिवाणूंकडून. १९६०च्या दशकात डेन्मार्कच्या नोवो कंपनीने बॅसिलस लायकेनिफॉर्मिसपासून ‘अल्कलेज’ बाजारात आणले. जपानमध्ये कोकी होरिकोशी यांनी त्यापुढे जाऊन मुद्दाम अल्कधर्मी माध्यमातच वाढणारे जिवाणू मातीतून वेचले.

असे जिवाणू आपल्याकडेही आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू १०च्या आसपास असतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या अल्कप्रेमी जिवाणूंचे प्रोटिएज अभ्यासले आहे. सरोवरात सांडपाणी उतरून त्याचा खारटपणा आणि सामू घसरला, तर ज्या जिवाणूंची अजून नोंदही झालेली नाही तेही त्यासोबत जातील. म्हणून लोणारचे रक्षण हा केवळ पर्यटनाचा विषय नाही, असे माझे ठाम मत आहे.

ब्लीचचा प्रश्न मात्र मातीत शोधून सुटला नाही. सबटिलिसिनच्या कापणाऱ्या जागी २२१ क्रमांकाचे सेरीन असते आणि त्याला लागूनच २२२वे मेथिओनिन. ब्लीचने या मेथिओनिनचे ऑक्सिडीकरण झाले, की विकर जवळजवळ निकामी होते. १९८५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी जनुकात फेरफार करून त्या जागी दुसरी अमिनो आम्ले बसवून पाहिली. ॲलनिन किंवा सेरीन बसवले, तेव्हा कापण्याचा वेग कमी झाला, पण विकर ब्लीचमध्ये तगले. पुढे फ्रान्सेस अर्नोल्ड यांनी १९९३ मध्ये जनुकात यदृच्छ बदल घडवत, निवडीच्या फेऱ्या करत, सेंद्रिय द्रावकातही काम करणारे सबटिलिसिन मिळवले. अशा निर्देशित उत्क्रांतीच्या कामासाठी त्यांना २०१८चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

कारखान्यात सोयापेंडीसारख्या स्वस्त खाद्यावर, भरपूर हवा देऊन जिवाणू वाढवतात. त्यांची वाढ मंदावू लागली, की विकराचे उत्पादन जोर धरते. मग पेशी वेगळ्या काढून द्रावण थंडाव्यात दाट करतात. द्रवरूप साबणात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि बोरिक आम्ल घालून विकराला रोखून धरतात. बादलीतल्या पाण्यात साबण विरळ झाला, की हा अटकाव सुटतो आणि विकर कामाला लागते.

कोरड्या पावडरीची कथा मात्र वेदनेची आहे. १९६०च्या दशकाअखेर, धुलाई पावडरीच्या कारखान्यांत विकराची बारीक धूळ श्वासात गेल्याने कामगारांना दमा जडला. त्यानंतर विकरावर मेणासारखे आवरण चढवून त्याचे दाणे बनवायला सुरुवात झाली. या आवरणाने दोन कामे साधली: धूळ उडणे थांबले, आणि डब्यातल्या ब्लीचपासून विकराला आडोसा मिळाला. तरीही मोकळ्या विकराची पोती जिथे हाताने ओततात, तिथे बंदिस्त यंत्रणा आणि मुखपट्टी यांना आजही पर्याय नाही.