दोष फाइलचा नव्हताच

नव्वदच्या दशकात पुण्यात डीटीपीच्या कामाला लागलो, तेव्हा गिऱ्हाईक फ्लॉपी पुढे करून म्हणायचं, "घरी नीट दिसतंय, छापत मात्र नाही." १.४४ एमबीत अख्खी कादंबरी मावायची, पण सोबत फॉन्ट नसायचा. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून बसलेले. म्हणजे फाइलमध्ये साठलेली असायची इंग्रजी चिन्हं, मराठी दिसायचं ते केवळ फॉन्टच्या कृपेने. पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरला फॉन्ट पोचला नाही, की तो निमूटपणे स्वतःचा कूरियर फॉन्ट लावायचा आणि कादंबरीचा कचरा बाहेर यायचा. कागद मात्र आमचा.

पोस्टस्क्रिप्ट ही १९८४ची, पान कसं काढायचं ते सांगणारी भाषा. तिच्यातल्या एका आज्ञेवर प्रिंटर अडला, की पुढची पानं गेली. दिवा नुसता लुकलुकत राहायचा. मग आम्ही फाइल निम्मी करून छापायचो, अडलेला भाग पुन्हा निम्मा. शंभर पानांतलं दोषी पान सात फेऱ्यांत सापडायचं. बहुतेकदा तिथे कुणीतरी हौसेने चिकटवलेलं चित्र असायचं. वर्डची फाइल बिघडली, तर शेवटचं परिच्छेदचिन्ह सोडून बाकी मजकूर नव्या फाइलीत उचलायचा. मांडणीच्या बऱ्याच खोड्या त्या एका चिन्हात दडलेल्या असतात. ही युक्ती मला फार उशिरा कळली.

उबुंटू या संगणकप्रणालीवरचा एक किस्सा तर अस्सल आपल्या पंचांगातला वाटावा. २००९च्या सुमारास ओपनऑफिसमधून मंगळवारी प्रिंट निघत नसे. छपाईच्या फाइलीत तारखेसोबत वाराचं इंग्रजी नाव जायचं आणि फाइलींचे प्रकार ओळखणारा प्रोग्राम तेवढ्यावरून तिला भलत्याच जातीची ठरवायचा. बुधवारी सगळं सुरळीत. पत्रिकेत मंगळ असतो, तसा हा प्रिंटरात!

१९९३मध्ये पीडीएफ आलं, फॉन्ट फाइलीतच बसू लागला. विंडोज २००० सोबत, मराठी अक्षरांना स्वतःच्या जागा देणाऱ्या युनिकोडचा मंगल फॉन्ट आला. निम्मं दुखणं तिथेच संपलं. उरलेलं आता बहुतेक स्पूलरमध्ये, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, असतं: रांगेतलं पहिलंच काम अडतं आणि मागची सगळी ताटकळतात. स्पूलर थांबवायचा, रांगेचा फोल्डर रिकामा करायचा, स्पूलर पुन्हा चालू करायचा. तरीही पीडीएफ हटून बसलं, तर अॅक्रोबॅटमध्ये 'चित्र म्हणून छापा' हा पर्याय निवडायचा; वेळ लागतो, पण पान निघतं.

तुमच्या कपाटात जुन्या फॉन्टातली स्मरणिका, वंशावळ, वडिलांच्या आठवणी असतील, आणि ती उघडणारा संगणक अजून जिवंत असेल, तर याच आठवड्यात पीडीएफ करून ठेवा. फॉन्ट आत बसलाय का, तेवढं तपासून घ्या.