घसादुखी, एक खोली आणि हृदयाची झडप

मुलाचा घसा दुखू लागला की आपण हळदीचे दूध देतो, मिठाच्या गुळण्या करावयास लावतो. चार दिवसांत मूल खेळू लागते आणि आपण ते दुखणे विसरतो. परंतु काही मुलांचे खरे दुखणे त्यानंतर सुरू होते. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. गुडघा सुजतो, तो ओसरला की घोटा, मग मनगट. हा ऱ्हुमॅटिक ताप, म्हणजेच संधिवाताचा ताप. तो बहुधा ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपेला झालेली इजा मागे राहू शकते.

स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूच्या एका प्रकाराने घसा बिघडतो. त्याच्याशी लढण्यासाठी शरीर जी शक्ती तयार करते, ती काही मुलांत स्वतःच्याच हृदयावर उलटते. पुन्हा तसाच घसा बिघडला की पुन्हा घाव. झडप जाड होते, आकसते किंवा गळू लागते. काही वर्षांनी तीच मुलगी हंडा घेऊन घाटी चढताना धापा टाकते. गरोदरपणी अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते. अरुंद झडपेला तो भार पेलत नाही आणि कित्येकींना आजार तेव्हाच प्रथम कळतो.

हा आजार गरिबाच्याच दारी का?

जंतू जात पाहत नाही, परंतु दाटी शोधतो. खोकल्यातून, शिंकेतून तो पसरतो. रत्नागिरीच्या पावसात दारे-खिडक्या लावून सारे कुटुंब एका खोलीत चुलीजवळ झोपते. एकाचा घसा बिघडला की भावंडांचा बिघडतो. मुंबईला गेलेल्या चाकरमान्याच्या खोलीतही तीच गत. दोष पावसाचा नाही, अपुऱ्या जागेचा आहे. त्यात मजुरी बुडते, एस.टी.ला पैसे लागतात, म्हणून दवाखाना उद्यावर जातो.

युरोप-अमेरिकेत पेनिसिलीन येण्यापूर्वीच हा ताप कमी होऊ लागला होता. राहणीमान सुधारले हे त्याचे मोठे कारण मानले जाते. उलट न्यूझीलंडसारख्या संपन्न देशात आजही तो मुख्यतः दाटीच्या घरांतील माओरी आणि पॅसिफिक बेटांवरील कुटुंबांच्या मुलांना होतो. म्हणजे हे नशीब नव्हे, ही विषमता आहे.

बाबासाहेबांचे विद्यार्थीदशेतील दिवस परळच्या चाळीतील एका खोलीत गेले. दापोली तालुक्यातील वणंदच्या रमाईंनी आपली चार मुले बालपणीच गमावली. त्यांचे आजार वेगळे असतील. पण गरिबी लेकरांचा जीव कसा घेते, हे आपल्याला दुसऱ्याने सांगावयास नको.

उपाय आहे

जंतूमुळे बिघडलेल्या घशावर वेळीच पेनिसिलीन दिले तर हा ताप टळतो, हे १९५० सालीच सिद्ध झाले आहे. म्हणून ताप, घशात तीव्र दुखणे, गिळताना त्रास असेल तर मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. गोळ्या दिल्या तर दोन दिवसांत बरे वाटले म्हणून बंद करू नका.

ताप एकदा येऊन गेला असेल तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. किती वर्षे, ते डॉक्टरच ठरवतील. मूल धडधाकट दिसते म्हणून ते चुकवू नये. मुंबईला जाताना कागदपत्रे सोबत न्यावीत.

'वाढीचे वय आहे, म्हणून पाय दुखतात' असे म्हणून सुजलेला सांधा दुर्लक्षू नका. याच आजारात काही मुलांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलतात. ती देवस्की नव्हे. १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने भगताच्या दारी जाऊ नये.

२०१३ साली पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतील मुलांची तपासणी होते. हा हृदयरोगही त्यात पाहिला जातो. तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शस्त्रक्रियेची वेळ आली तर कर्ज काढण्याआधी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

वर्षावासात आपण विहारात जमतो. त्या वेळी अर्धा तास या विषयाला द्यावा. इंजेक्शन चालू असलेल्या मुलांची यादी गावशाखेने ठेवावी, एस.टी.च्या भाड्याचा भार मुंबई शाखेने उचलावा. आणि घरकुलासाठी ग्रामसभेत अर्ज करताना ठासून सांगावे की, आमच्या लेकरांच्या हृदयासाठी आम्हांला पुरेशी जागा हवी आहे.

तथागतांनी दुःखाचे कारण शोधावयास शिकविले. इथे कारण सापडले आहे. ते दूर करणे आपल्या हाती आहे.