टीव्ही लंडनचा, अर्ज रत्नागिरीचा

आज तुडतुडे आणि भुरीचा विषय बाजूला ठेवू. आज बोलायचे आहे ते आपल्या घरातल्या टीव्हीमागे लुकलुकणाऱ्या एका छोट्या डबीविषयी. या डबीपायी एका बागायतदाराचा अर्ज राहता राहता वाचला, म्हणून हा लेखप्रपंच.

गेल्या हंगामातली गोष्ट. राजापूर तालुक्यातल्या एका काकांचा फोन आला. "साहेब, दोन दिवस बसलोय, अर्जाचं पान काय उघडत नाय. नुसतं फिरतंय!" मुदत संपायला एकच दिवस उरला होता. दुपारी त्यांच्या घरी गेलो. फायबरचे इंटरनेट, वेग उत्तम, टीव्ही झकास चालू. सरकारी पान तेवढे उघडेना. शेवटी मोबाइलचे वायफाय बंद केले आणि सिमच्या इंटरनेटवर तेच पान लावले. झटक्यात उघडले! संध्याकाळपर्यंत अर्ज भरून झाला.

मग अडले कुठे होते? काकांचा मुलगा बोटीवर नोकरीला. गणपतीला घरी आला, तेव्हा त्याने नवा राउटर आणला आणि त्यात व्हीपीएन बसवले. ब्रिटनमधले कार्यक्रम घरच्या टीव्हीवर दिसावेत, एवढाच हेतू. सुट्टी संपली, मुलगा बोटीवर गेला. व्हीपीएन मात्र चालूच राहिले. काका म्हणाले, "पोरगा लावून गेलाय, मी कशाला हात लावू?"

हे व्हीपीएन आहे तरी काय?

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. त्यावरून समोरच्याला आपण कुठल्या देशातून आलो ते साधारण कळते. व्हीपीएन म्हणजे आपला सगळा व्यवहार बंद नळीतून दुसरीकडच्या संगणकापर्यंत नेणारी आणि तिथून बाहेर सोडणारी सेवा. नळीचे दुसरे टोक लंडनला असले, तर समोरच्याला आपण लंडनमध्ये बसलोय असेच वाटते. बँका आणि कंपन्या आपले काम सुरक्षित राहावे म्हणून ही सोय फार पूर्वीपासून वापरतात. आपल्या देशात व्हीपीएन वापरण्यावर सरसकट बंदी नाही.

मोबाइलवर व्हीपीएन घेतले तर फक्त त्या मोबाइलचा पत्ता बदलतो. टीव्हीवर ते बसवायची सोय बऱ्याचदा नसते, म्हणून लोक थेट राउटरमध्ये बसवतात. इथेच गफलत होते. ठिबकच्या मुख्य नळीत खत सोडले की ते सगळ्या बागेला जाते, एकाच झाडाला जात नाही. तसेच राउटरवर व्हीपीएन लावले की टीव्हीबरोबर काकांचा मोबाइल, सुनेचा मोबाइल, नातवाचा संगणक, सगळेच 'लंडनला' जातात. भारतातली काही सरकारी संकेतस्थळे परदेशी पत्त्यावरून उघडतच नाहीत. बँकेच्या अ‍ॅपलाही असा पत्ता दिसला की ते संशय घेऊन अडू शकते.

कार्यक्रम देशानुसार का अडवतात?

कार्यक्रम दाखवण्याचा हक्क देशादेशाप्रमाणे विकला जातो. आपण एकच बाग दोघांना कराराने देत नाही, पण दोन बागा दोघांना देतो, तसे समजा. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क जून २०२२ मध्ये लिलावात सुमारे ४८,३९० कोटी रुपयांना गेले. भारतीय उपखंडात टीव्हीवर दाखवण्याचा हक्क स्टारला मिळाला आणि इंटरनेटचा व्हायकॉम १८ ला. आखाती देश आणि अमेरिकेचा हक्क टाइम्स इंटरनेटने घेतला. भारतातले दोन्ही खरेदीदार पुढे एकत्र आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झाले. म्हणजे सामना एकच, पण दुबईतल्या चिपळूणकराला तो वेगळ्या दारातून बघावा लागतो. बीबीसीची आयप्लेयर सेवा ब्रिटनपुरतीच आहे, आणि तिच्यासाठी तिथे टीव्हीचा परवाना लागतो.

पत्ता बदलून या सेवा बघणे त्यांच्या अटींत बसत नाही. नेटफ्लिक्सने जानेवारी २०१६ मध्येच असे पत्ते अडवणार असे जाहीर केले होते. त्यामुळे व्हीपीएनला पैसे भरूनही आज दिसणारा कार्यक्रम उद्या बंद पडू शकतो.

आणखी एक गोष्ट मनाला विचारून बघा. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच 'हापूस' म्हणायचे, असे ठरले. कर्नाटकचा आंबा आपल्या नावाच्या पेटीत घालून कोणी विकला की आपण किती चिडतो! खोटा पत्ता दाखवून कार्यक्रम बघणे हेही पेटीवर दुसऱ्याचे नाव चिकटवण्यासारखेच आहे. दोन्हींत नुकसान सारखे नसेल, पण जात एकच.

फुकटचे व्हीपीएन महागात पडते

फुकट मिळते म्हणून कुठलेही व्हीपीएन उतरवून घेऊ नका. मे २०२४ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी '९११ एस५' नावाचे एक जाळे मोडून काढले. फुकट व्हीपीएनच्या आमिषाने लोकांच्या संगणकांत शिरकाव करून त्यांचे पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. सुमारे २०० देशांतले १ कोटी ९० लाखांहून अधिक पत्ते त्यात सापडले. विचार करा, फसवणूक करणारा भलतीकडे आणि पत्ता निघतो आपल्या घराचा!

पैसे देऊन घेतलेल्या सेवेतही आपला सगळा व्यवहार त्या कंपनीच्या हातून जातो. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता आणि दिलेला आयपी पत्ता ही माहिती ५ वर्षे जपून ठेवायची आहे. त्यावर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले संगणक काढून घेतले. तेव्हा 'आम्हाला कोण विचारतो' या भ्रमात राहू नका.

मुलगा परदेशात असेल तर

आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली मुले आखातात आहेत. मराठी मालिका, नाटक, घरचा सामना बघावासा वाटणे साहजिक आहे. पण तिथला कायदा वेगळा आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या कायद्यानुसार गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी खोटा आयपी पत्ता वापरला तर कैद आणि ५ लाख ते २० लाख दिरहम दंड, अशी तरतूद आहे. कंपनीच्या कामाचे व्हीपीएन ही वेगळी गोष्ट. एका मालिकेसाठी नोकरी धोक्यात घालू नये. त्या देशासाठी अधिकृत सेवा काय आहे ते आधी पाहावे, हे मुलाला फोनवर जरूर सांगा.

काही मुले उलटी सोय करतात. घरच्या राउटरवरच व्हीपीएनचे दार उघडून ठेवतात आणि परदेशातून घरच्या इंटरनेटने कार्यक्रम बघतात. हे करताना एक ध्यानात ठेवा. तिकडे तो जे करेल त्याची नोंद इकडे आपल्या जोडणीवर होते, आणि जोडणी बापाच्या नावावर असते. ते दार नीट बंद नसेल तर परकाही आत शिरतो.

एवढे करा

१. एखादे सरकारी पान उघडेना, तर आधी वायफाय बंद करून मोबाइलच्या सिमवर तेच पान उघडून पाहा. तिथे उघडले, तर दोष पोर्टलचा नसून घरच्या जोडणीत असण्याची शक्यता मोठी.

२. घरच्या राउटरवर व्हीपीएन आहे का, ते बसवून गेलेल्याला विचारा. राउटरचा पासवर्ड वहीत लिहून घ्या आणि ते बंद कसे करायचे ते शिकून घ्या. घर आपले आहे, किल्लीही आपल्याकडे हवी.

३. घरात कोणाला व्हीपीएन कामासाठी लागतच असेल, तर त्याच्याच संगणकावर किंवा मोबाइलवर बसवा. काही राउटरमध्ये ठरावीक यंत्रापुरतेच ते लावता येते. मुख्य नळी मोकळी राहू द्या.

४. व्हीपीएनमुळे वेग मंदावतो, कारण सगळा व्यवहार बंद करण्याचे आणि उघडण्याचे काम त्या छोट्या डबीलाच करावे लागते. 'नेट स्लो झालं' म्हणून महागडा प्लॅन घेण्याआधी हे तपासा.

५. ग्रामपंचायत अधिकारी आणि संगणक परिचालक यांना विशेष विनंती. कार्यालयाच्या राउटरवर कोणालाही खासगी व्हीपीएन बसवू देऊ नका. तिथे एक पान अडले तर साऱ्या गावाचे दाखले अडतात.

६. अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका. हे आम्ही दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी सांगावे लागते!

काकांचा अर्ज भरून झाल्यावर मुलाला बोटीवर निरोप पाठवला. दोन दिवसांनी त्याने फोनवर सांगितले तसे नातवाने ते व्हीपीएन बंद केले. काका म्हणाले, "लंडनचं दिसलं नाय तरी चालंल, सातबारा दिसू दे." मला वाटते, बंधूंनो, यात सगळे आले. करमणूक घरात जरूर असावी, पण तिच्यापायी घराचा पत्ता हरवू देऊ नका.