माफीची किंमत कोण मोजतो?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले, की साधारण निम्म्या वाटेवर आमचे बिडकीन लागते. आज या गावाचे नाव वर्तमानपत्रांत येते ते औद्योगिक वसाहतीमुळे. पण त्याआधी शतकानुशतके ही वाट पैठणची म्हणूनच ओळखली जाई. नाथषष्ठीला दिंड्या याच रस्त्याने जातात. पूर्वी पैठणला लोक आणखी एका कामासाठी जात, ते म्हणजे पापाचा निवाडा करून घ्यायला. कोणत्या पातकाला कोणते प्रायश्चित्त, हे तिथले शास्त्री सांगत. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर त्यांची पोरकी मुले शुद्धिपत्रासाठी पैठणलाच आली, असे परंपरा सांगते. आईबापांचा जीव गेला, तरी लेकरांना कागद हवाच होता.

पुढे काही शतकांनी याच पैठणात एकनाथांची एक कथा घडली. हातून ब्रह्महत्या झालेला एक माणूस पश्चात्तापाने पोळून गावात आला. नाथांनी त्याला नाम घ्यायला लावले आणि तो शुद्ध झाला, असे सांगून आपलेसे केले. शास्त्र्यांनी पुरावा मागितला. तेव्हा दगडाच्या नंदीने त्या माणसाच्या हातचे गवत खाल्ले, अशी कथा आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातला प्रश्न उरतोच. पाप फिटते कशाने? हिशेबाने, की कृपेने?

ख्रिस्ती धर्माच्या गाभ्याशीही हाच प्रश्न आहे. आपल्या जिल्ह्याला हा धर्म नवा नाही. पारशी समाजातून आलेले रतनजी नवरोजी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगाबादेत धर्मोपदेशक म्हणून काम करीत होते. १९७७ साली इथे कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. नाताळचा केक आपण आवडीने खातो, पण शेजारी नेमके काय मानतो, हे सहसा विचारत नाही. उलट एक शेरा मात्र सर्रास ऐकू येतो: ‘त्यांचे बरे आहे! क्षमा मागितली की पाप माफ, पुन्हा करायला मोकळे.’ मी वारकरी घरात वाढलो, ख्रिस्ती नाही. पण हा शेरा खरा आहे का, हे तपासून पाहावे असे मला फार दिवस वाटत होते.

वाटणी मागणारा मुलगा

आपल्या मनात पाप-पुण्याचे एक खाते असते. इकडे जमा, तिकडे नावे. बायबलच्या नव्या करारात पापासाठी जो मूळ ग्रीक शब्द येतो, त्याच्या मुळाशी नेम चुकणे असा अर्थ आहे. तिथे एकेका दुष्कृत्याच्या नोंदीपेक्षा माणूस ईश्वरापासून दुरावला आहे, या अवस्थेवर भर आहे. घर सोडून गेलेल्या लेकरासारखी ती अवस्था.

येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येते. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो. बाप हयात असताना वाटणी मागणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकरी घराला समजावून सांगावे लागत नाही. पैसा उधळून, डुकरे राखण्याची पाळी आल्यावर तो परततो. बाप त्याला लांबूनच पाहतो आणि धावत सुटतो. पोराने घोकून आणलेली माफी पुरती ऐकूनही न घेता तो त्याला नवे कपडे घालतो आणि मेजवानी मांडतो. थोरला मात्र शेतातून येतो आणि उंबऱ्याबाहेर थांबतो. इतकी वर्षे मी राबलो, मला काय मिळाले, असे विचारतो. तो आत गेला की नाही, हे गोष्ट सांगत नाही.

या थोरल्याचे दुखणे आपल्याला चांगले ठाऊक आहे. २००८ साली केंद्राची कर्जमाफी झाली. २०१७ आणि २०१९ मध्ये राज्याच्या योजना आल्या. दर वेळी गावाच्या पारावर एकच सवाल ऐकू आला: ‘आम्ही सोसायटीचे कर्ज वेळेवर फेडले, आमचे काय?’ सवाल खोटा नव्हता. म्हणूनच नियमित फेड करणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये २५ हजार आणि २०१९च्या योजनेत ५० हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन रक्कम जाहीर करावी लागली. ज्याने खाते चोख ठेवले, त्याला दुसऱ्याची माफी सर्वांत जास्त झोंबते.

कर्जमाफीतून आणखी एक गोष्ट कळते. माफ झालेले कर्ज हवेत विरत नाही. बँकेच्या वहीतली रक्कम कोणीतरी भरतेच. ख्रिस्ती शिकवणीतील क्रुसाचा अर्थ मला या दाखल्याने थोडा उमगला. देवाने ‘जाऊ दे, काही झालेच नाही’ असे म्हटले नाही. पाप खरे, त्याने झालेली हानीही खरी. ती किंमत त्याने येशूच्या रूपाने स्वतः सोसली, अशी ही श्रद्धा आहे. सरकार माफी देते ती इतरांच्या पैशातून. इथे मात्र ज्याचे येणे आहे, तोच भरणा करतो. आणि विश्वासाने तारण म्हणतात ते तरी काय? काही मते मान्य करणे एवढाच त्याचा अर्थ नाही. यादीत नाव लागूनही एखादा अंगठा लावायला बँकेत गेलाच नाही, तर त्याचे खाते तसेच राहते. दिलेले आहे यावर भरवसा ठेवून हात पुढे करणे, हा तो विश्वास.

शुद्धिपत्राची दुसरी कहाणी

शुद्धिपत्राचा मोह फक्त पैठणलाच होता असे नाही. एकनाथांच्या जन्माच्या थोडे आधी जर्मनीत पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे विकली जात होती. रोममधील सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामाला त्यातून पैसा मिळे. चर्चची अधिकृत शिकवण बारीक होती. ही सूट शिक्षेपुरती आहे, पापाच्या क्षमेला पश्चात्ताप हवाच, असे ती सांगे. पण सामान्य माणसाने त्याचा अर्थ ‘पैसे टाका, पाप फेडा’ असाच घेतला. मार्टिन ल्यूथर हा मठवासी साधू स्वतः तासन्‌तास पापांची कबुली देई, तरी त्याचे मन निवत नसे. संत पौलाच्या पत्रांत त्याला उत्तर सापडले: माणूस नीतिमान ठरतो तो कृपेने, विश्वासाच्या द्वारे. १५१७ साली त्याने ९५ कलमे मांडली आणि पुढे युरोपातले चर्च दुभंगले. या मुद्द्यावर एकमेकांना शाप देणाऱ्या दोन्ही बाजूंनी, म्हणजे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन महासंघ यांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तारण कृपेनेच मिळते, सत्कर्मे हे त्याचे फळ आहे, यावर त्यांचे एकमत झाले. त्यासाठी पावणेपाचशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

केडगावचे कृपासदन

या शिकवणीचा मराठी मुलखातला सर्वांत मोठा दाखला म्हणजे पंडिता रमाबाई. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रांत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी होते नव्हते ते व्रते, दाने आणि तीर्थे यांत घातले. पुढे काही महिन्यांच्या अंतराने उपासमारीने आईवडील आणि थोरली बहीण गेली. पुण्याच्या खात्यात एवढी जमा असूनही, असे त्या मुलीच्या मनात आले नसेल काय?

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या धर्मभगिनी लंडनमध्ये ‘पतित’ मानलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत. अशा स्त्रियांना कोणी मायेने वागवते, हे रमाबाईंनी प्रथमच पाहिले. याचे कारण विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. पुढे १९०७ साली लिहिलेल्या निवेदनात त्यांनी या अनुभवाचे मोल सांगितले आहे. त्याच निवेदनात त्या म्हणतात, की बाप्तिस्मा घेऊनही आपल्याला धर्म तेवढा मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आपण जशा आहोत तशाच स्वीकारल्या जातो, हे त्यांच्या मनाला पटायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली. बुद्धीने सारे मान्य करणारी एवढी विदुषी हात पुढे करायला इतकी वर्षे घेते, यातच ‘माफी सोपी असते’ या शेऱ्याचे उत्तर आहे.

रमाबाईंच्या धर्मांतराने महाराष्ट्र दुखावला. शारदासदनावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. तो वाद इथे पुन्हा उकरण्याचे कारण नाही. पण त्यांच्या श्रद्धेने पुढे काय केले, ते पाहावे. १८९७ आणि १९००च्या दुष्काळांत त्यांनी मध्य प्रांतातून, गुजरातेतून शेकडो मुली आणि बायका केडगावला आणल्या. त्या वसाहतीचे नाव मुक्ती. समाजाने ज्यांच्यावर पापाचा शिक्का मारला होता, अशा स्त्रियांसाठी तिथे वेगळे घर बांधले आणि त्याला नाव दिले कृपासदन. शुद्धिपत्राची अट नव्हती. आधी घर मिळे, मग बाकीचे. विद्वत्तेचा शिरपेच मिरवणाऱ्या रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीकमधून साध्या मराठीत बायबल उतरवण्यात घालवली. आश्रमातल्या बायकांना ते वाचता यावे म्हणून.

फुकट, पण स्वस्त नव्हे

मग पाप करायला मोकळे, हे कुठून आले? हा आक्षेप दोन हजार वर्षे जुना आहे. संत पौलाने स्वतःच तो उपस्थित करून धुडकावला. येशूला घरी घेऊन जाणारा जक्कय हा जकातदार ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देतो. क्षमा मिळाल्यावर त्याचे परतफेडीचे कर्तव्य सुरू होते. हिटलरच्या राजवटीला विरोध करणारे पाद्री डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३७ मध्ये पश्चात्तापाशिवायच्या क्षमेला स्वस्त कृपा म्हटले. १९४५ मध्ये त्यांना फाशी देण्यात आली.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातला एक दाखला मला विसरता येत नाही. सिस्टर राणी मारिया ही केरळची साध्वी उदयनगर भागात भूमिहीनांना सावकारीच्या विळख्यातून सोडवण्याचे काम करी. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी चालत्या बसमध्ये समुंदर सिंग याने तिचा खून केला. तिची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही साध्वी, २००२ साली तुरुंगात गेली आणि खुन्याला राखी बांधून आली. शिक्षा टळली नाही, त्याने अकरा वर्षे भोगली. २००६ मध्ये सुटल्यावर तो त्या घराचा झाला. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियाला धन्यवादित घोषित केले, तेव्हा तो तिथे हजर होता. कायद्याने आपले काम केले, क्षमेने आपले. आणि किंमत मोजली ती सेल्मीने. बहिणीच्या खुन्याच्या मनगटावर दोरा बांधताना तिला काय गिळावे लागले असेल!

आमच्या भागात जमिनीला भाव आला आणि भावाला भाव उरला नाही, अशी घरे थोडी नाहीत. एका बांधावरून वर्षानुवर्षे अबोला धरणारे सख्खे भाऊ कुठल्या गावात नाहीत? तिथे चूक कोणाची, हे बहुधा दोघांनाही ठाऊक असते. प्रश्न असतो तो नुकसान कोणी गिळायचे, हा. त्याला कागदावर उत्तर नाही. येशूच्या गोष्टीतला बाप दोनदा घराबाहेर येतो, हे वाचताना सहसा लक्षात राहत नाही. एकदा तो धाकट्यासाठी धावतो. दुसऱ्यांदा, मेजवानी सोडून, उंबऱ्याबाहेर रुसून उभ्या असलेल्या थोरल्याची समजूत घालायला.