आधी धरा, मग खोडा!

मी मराठीचा मास्तर. गेली वीस वर्षे बीडच्या एका महाविद्यालयात दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घांवर लाल शाई ओतणे, हा माझा चरितार्थ. असल्या माणसाच्या हाती शब्द पुसणारे यंत्र पडले म्हणजे काय अनर्थ होतो, त्याची ही हकीकत आहे. चकली खाता खाता वाचावी. हसू आले तर जरूर हसावे. पण मी शेवटी खजील झालो, हेही ध्यानात ठेवावे.

माझे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते. बालाघाटाच्या डोंगरातले गाव. दसरा-दिवाळी उलटली की तिथली शाळा निम्मी रिकामी व्हायची. आईबाप ऊसतोडीला निघाले की पोरेही त्यांच्याबरोबर साखर कारखान्यांच्या वाटेने, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायची. हंगाम संपून ती परतली की वडील एकेकाला जवळ बसवून विचारत, "सांग बाबा, काय काय पाहिलंस?" पोरगा जे बोलेल ते, तो बोलेल तसे, निळ्या शाईने दोनशे पानी वहीत उतरवून घेत. तीन वर्षांपूर्वी वडील गेले. शाई फिकी पडू लागली होती, पाने कडेने झडत होती. ही वही संगणकात उतरवून ठेवावी, असे मी मनाशी घेतले.

घरातला संगणक जुना, त्यात त्याचा माऊस मोडलेला. छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंग शिकणारी कन्या सुटीत आली होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला 'व्हिम' घालून देते. त्याला उंदीर लागतच नाही!"

पहिल्या संध्याकाळी मी उत्साहाने लिहू लागलो, तर पडद्यावर अक्षर उमटेना. काही कळा दाबल्या तर कर्सर भलतीकडे पळाला, एक कळ दाबली तर आधीचे अक्षरच नाहीसे झाले! कन्या हसून म्हणाली, "बाबा, तुम्ही अजून लिहायच्या अवस्थेत गेलाच नाहीत."

अहो, हे म्हणजे आमच्या आजीचे सोवळे! व्हिम उघडला की तो आज्ञेच्या अवस्थेत असतो. तेव्हा प्रत्येक कळ म्हणजे एक हुकूम. 'आय' दाबली की लिहिण्याची अवस्था सुरू; मग खुशाल लिहा. लिहून झाले की कोपऱ्यातली 'एस्केप' दाबायची, आणि पुन्हा सोवळ्यात! त्यातून आमची मराठी. लिहिताना कळफलक मराठीवर, हुकूम देताना इंग्रजीवर. बदलायला विसरलो की हुकूम वाया गेलाच म्हणून समजा. मी इनस्क्रिप्ट पद्धतीने लिहितो. व्हिममध्ये 'डी' ही खोडण्याची कळ. इनस्क्रिप्टमध्ये त्याच कळीवर हलंताची खूण येते. अक्षरातला 'अ' काढून टाकणारी ती खूण! योगायोगच, पण मराठीच्या मास्तराला गंमत वाटल्याशिवाय राहील का?

या कळांमागे इतिहास आहे. 'व्हीआय' हा मूळ संपादक बिल जॉय या तरुणाने १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात लिहिला. तेव्हा संगणकाशी बोलणे टेलिफोनच्या तारेवरून, मुंगीच्या पावलाने चाले. म्हणून एकेका कळीत एकेक हुकूम भरलेला. कर्सर डावीकडे, खाली, वर, उजवीकडे न्यायला 'एच', 'जे', 'के', 'एल' या कळा का? तर त्याच्या यंत्रावर बाण याच कळांवर छापलेले होते. पुढे १९९१ साली ब्राम मोलेनार या डच गृहस्थाने 'व्हिम' सर्वांना फुकट वाटला आणि वापरणाऱ्यांना विनंती केली, की जमल्यास युगांडातल्या गरजू मुलांना मदत करा. २०२३ साली तो निवर्तला.

दोन-चार दिवसांत माझ्या ध्यानात आले, की हे तर व्याकरण आहे! 'डी' म्हणजे खोड, 'सी' म्हणजे बदल, 'वाय' म्हणजे उचल. ही झाली क्रियापदे. 'डब्ल्यू' म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत, डॉलरची खूण म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत. ही झाली कर्मे. 'डी-डब्ल्यू' म्हटले की शब्द गेला. 'डी-डी' म्हटले की ओळ गेली. आधी तीनचा आकडा दाबला तर तीन ओळी गेल्या. 'सी-आय-डब्ल्यू' म्हणजे कर्सर शब्दाच्या पोटात कुठेही असो, तो अख्खा शब्द बदलायला घे. 'वाय'ने उचललेले 'पी'ने दुसरीकडे ठेवता येते, आणि मूळ मजकूर जागच्या जागी राहतो. आमच्या जिल्ह्यात उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम. ती फेडता फेडता हंगाम सरतो. यंत्राची उचल पुष्कळच स्वस्त म्हणायची!

हात बसला आणि अंगात मास्तर संचारला. वहीत पानोपानी 'हाय', 'व्हतं', 'नगं'. छापायचे तर शुद्ध नको का? मी कोलन दाबून सरसकट बदलाचा हुकूम सोडला: साऱ्या वहीत जिथे 'हाय' असेल तिथे 'आहे' कर. डोळ्याचे पाते लवायच्या आत काम फत्ते! 'नगं'चे 'नको' झाले. 'कोयता'चे 'जोडपे' झाले. मी खुशीत फाईल मिटली आणि महिनाभर तिच्याकडे पाहिले नाही.

गेल्या दिवाळीत वडिलांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आता चाळिशी ओलांडलेला. दोन दिवसांनी टोळीबरोबर निघायचा होता. मी कौतुकाने त्याला त्याचेच पान पडद्यावर दाखवले. बोट फिरवीत तो मोठ्याने वाचू लागला, "आहेस्कूल लई लांब आहे. म्या आन बहीन कोपीत राआहेलो..."

तो थांबला. मीही चमकलो. 'हायस्कूल'मधला 'हाय' आणि 'राहायलो'मधला 'हाय', दोन्ही माझ्या हुकुमाने कापले गेले होते! आम्ही पोट धरून हसलो. पण पुढच्या ओळीवर त्याचे हसू मावळले. तिथे होते, "मुकादमानं आमचं जोडपे लिहून घेतलं."

"सर," तो हळूच म्हणाला, "मुकादमाच्या वहीत आईबाप 'एक कोयता' व्हते. जोडपं नव्हते. गुरुजींनी माझं बोलनं लिव्हलं व्हतं. ह्ये कुणाचं हाय?"

वाचकहो, नवराबायको दोघे मिळून हत्याराच्या नावाने मोजले जातात, हे त्या एका शब्दात होते. आठ वर्षांच्या पोराने ते सांगितले, वडिलांनी ते टिपले आणि मी ते शुद्ध करून पुसून टाकले!

केलेले उलटवायला व्हिममध्ये 'यू' ही कळ असते. मी ती दाबली. यंत्राने कळवले की मागे जायला आता काही उरलेले नाही. फाईल मिटल्यावरही जुने बदल जपण्याची सोय त्यात आहे, पण ती आधी सांगून ठेवावी लागते. मी सांगितली नव्हती. मग मूळ वही? दिवाळीची आवराआवर झाली होती. सौभाग्यवती म्हणाली, "ती तर तुम्ही संगणकात घेतलीत ना? रद्दीच्या गठ्ठ्यात आहे." मी धावलो. गठ्ठा दाराशी बांधून तयार होता. तिसऱ्या थरात, वर्तमानपत्रांच्या मधे, निळी शाई दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला.

ती सारी सुटी मी वही पुन्हा पानोपान ताडून पाहण्यात घालवली. या वेळी खोडायची रीत बदलली. व्हिममध्ये 'व्ही' ही एक कळ आहे. मूळच्या 'व्हीआय'मध्ये ही सोय नव्हती. ती दाबून कर्सर हलवला की मजकूर उजळत जातो. मोठी 'व्ही' दाबली तर अख्ख्या ओळी उजळतात. 'कंट्रोल'बरोबर दाबली तर उभा पट्टा धरता येतो. शब्दांच्या यादीतले सगळे अनुक्रमांक मी तसेच एका फटक्यात काढले. धरून झाले, डोळ्यांनी पाहिले, की मग 'डी' किंवा 'सी'.

इथे मला पुन्हा व्याकरण भेटले. 'डी-डब्ल्यू' म्हणजे 'खोड शब्द'. मराठीत क्रियापद आधी केव्हा येते? आई रागावली की! एरवी ती "पोळी खा" म्हणते, संतापली म्हणजे "खा पोळी!" 'व्ही'ची रीत आपल्या शांत मराठीची आहे: शब्द धर, मग खोड. मधे एक श्वास मिळतो, आणि त्या श्वासात विचारता येते, 'हा शब्द माझा आहे का?' सरसकट बदलाच्या हुकुमालाही शेवटी 'सी' जोडला की यंत्र प्रत्येक जागी थांबून विचारते, बदलू की नको? ते एक अक्षर मी आळसाने गाळले होते.

जुने लेखक चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फाशीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथलाच. सुटलेला शब्द हंसपदाची खूण करून वर लिहीत. खोडलेले कुठे आणि घातलेले कुठे, ते पोथीवर दिसत राही. आमच्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्या कापडाला 'यू'ची कळ कुठली? पैठणच्या एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत आपली ओवी घुसडू पाहणाऱ्याला सक्त ताकीद देऊन ठेवली. शुद्ध करणे म्हणजे मूळ बोलणाऱ्याकडे परत जाणे. हे मी वर्गात वीस वर्षे शिकवीत होतो!

यंदा दसऱ्यानंतर तो विद्यार्थी पुन्हा आला. मी फाईल उघडली. आता 'हायस्कूल' हायस्कूल होते, 'कोयता' कोयता होता. अर्थ मी खाली वेगळ्या टिपेत दिला होता. तो वाचत राहिला. मग एका जागी बोट ठेवून म्हणाला, "सर, 'मुळी' न्हाई. 'मोळी'. उसाची मोळी."

वडिलांचा काना मीच चुकीचा वाचला होता. मी 'व्ही' दाबून तो शब्द उजळला आणि त्याच्याकडे पाहिले. त्याने मान हलवली. मग मी 'सी' दाबली.