बोटांना मुंग्या? कोणत्या बोटांना, ते सांगा!

मनगटाचं फ्रॅक्चर झालं, ऑपरेशन झालं, प्लेट बसली, एक्स-रेही झकास आला. तरी बोटं झोपलेलीच? मग आता हाडाचं नाही, नसेचं ऐका!

तुमच्या मनगटात एक बोगदा आहे, ठाऊक आहे? एक्स्प्रेस-वेवरच्या भातण बोगद्यासारखाच, फक्त जेमतेम अंगठ्याच्या रुंदीचा. खाली आणि बाजूंना मनगटाची छोटी छोटी हाडं, वर एका जाड पट्ट्याचं छप्पर. बोटं मिटवणारे नऊ दोर यातून जातात आणि त्यांच्यासोबत दाटीवाटीने जाते मीडियन नावाची नस. म्हणजे नऊ ट्रक आणि एक स्कूटी! बोगद्यात जरा जॅम झाला, की पहिली चेपते ती स्कूटीच. डॉक्टर यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

आपल्याला वाटतं, हा कॉम्प्युटरवाल्यांचा आजार. पण मनगट मोडल्यावरही तो गाठतो. हाड सरकतं, रक्त साकळतं, सूज येते आणि बोगदा होता तेवढाच राहतो. ऑपरेशनमध्ये हाड जागेवर बसलं, तरी सूज, नवीन तयार होणारं हाड किंवा आतला व्रण नसेवर दाब देऊ शकतो. कधी प्लेटची जागाही तपासावी लागते.

माझी केस

२०२३च्या जूनमध्ये, पुण्यातल्या पहिल्याच पावसात माझी गाडी घसरली आणि मी उजव्या हातावर पडले. मनगटाचं हाड मोडून मागच्या बाजूला सरकलं होतं. या फ्रॅक्चरला कॉलीज फ्रॅक्चर म्हणतात. डब्लिनच्या अब्राहम कॉलीज या सर्जनने त्याचं वर्णन केलं १८१४मध्ये, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या ८१ वर्षं आधी!

टायटॅनियमची प्लेट, सात स्क्रू, दोन दिवसांत घरी. खांद्याजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर केला होता, तो बधिरपणा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरला. बोटं छान हलत होती. सगळं मस्त!

तिसऱ्या आठवड्यात मात्र रात्री तीन वाजता जाग यायला लागली. हात जड, मुंग्यांनी भरलेला. उठून थर्मामीटर झटकतात तसा हात झटकला, की थोडं बरं वाटायचं. दिवसा निराळीच गंमत. पर्समध्ये हात घालून नाणं काढावं, तर ते रुपयाचं की पाचाचं, कळेना. कुर्त्याचं बटण बघूनच लावावं लागे. मी जाहिरातींसाठी स्केचेस काढते. पेन्सिल हातात आहे की नाही, हे डोळ्यांनी तपासावं लागलं, तेव्हा पोटात गोळा आला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘अगं, लोखंड घातलंय आत, होणारच. आमच्या ह्यांना वर्षभर होतं.’’ आत्याने तिळाच्या तेलाची बाटली पाठवली, मालिश करून घे म्हणून.

एक साधा प्रश्न

चित्र पालटलं ते फिजिओथेरपीच्या टेबलावर. मी म्हटलं, ‘‘मुंग्या येतात.’’ फिजिओ मॅडमनी विचारलं, ‘‘कोणत्या बोटांना, ताई?’’

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी नीट पाहिलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. अनामिकेची अर्धीच बाजू, अंगठ्याकडची. करंगळी एकदम ठणठणीत! मॅडम म्हणाल्या, ‘‘हे जसंच्या तसं डॉक्टरांना सांगा. उद्याच.’’

कारण प्रत्येक नसेचा इलाका ठरलेला आहे. मला सुन्न वाटत होती ती साडेतीन बोटं म्हणजे मीडियनचा इलाका. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू झोपली, तर संशय अल्नर नसेवर. अंगठ्याच्या मागच्या बाजूची कातडी सुन्न झाली, तर रेडियल नसेची वरवरची फांदी. म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘हात बधिर होतो’ सांगणं म्हणजे रिक्षावाल्याला नुसतं ‘कोथरूड’ सांगण्यासारखं. गल्ली सांगा ना!

तपासणीत काय होतं?

डॉक्टरांनी मनगटावर बोटाने टकटक केलं. सण्णकन करंट मधल्या बोटापर्यंत गेला. ही टिनेलची खूण. मग एक पेपरक्लिप उघडली आणि तिची दोन टोकं एकदम बोटाला लावून विचारलं, ‘‘एक की दोन?’’ निरोगी बोटाच्या टोकाला पाच-सहा मिलिमीटरवरची दोन टोकंही वेगळी कळतात. मला एकच लागत होतं. अंगठा तळहातापासून वर उचलायला लावून त्याच्या बुडाशी असलेल्या स्नायूची ताकद पाहिली. तिथला मांसल उंचवटा सपाट होऊ लागला, तर दाब जुना आणि जोरदार आहे असं समजतात.

पुन्हा एक्स-रे निघाला. प्लेट आणि हाड जागेवर होतं. मग नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. तिच्यात बारीक शॉक देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. थोडं टोचतं, पण सहन होतं. माझा संदेश बोगद्यापाशी रेंगाळत होता.

आधी साधे उपाय. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, हात उशीवर उंच, दिवसातून अनेकदा बोटांची उघडझाप. पुष्कळांना एवढ्यानेच उतार पडतो. मला पडला नाही. सप्टेंबरपर्यंत अंगठ्याची ताकद कमी व्हायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी बोगद्याचं छप्पर उघडायचं ठरवलं. पुन्हा ऑपरेशन म्हटल्यावर मी रडले, खरं सांगते. आईने विचारलं, ‘‘डॉक्टर, थांबून नाही का चालणार?’’ ते म्हणाले, ‘‘हाड थांबतं, काकू. नस फार दिवस थांबत नाही.’’

ऑपरेशन छोटं असतं. त्या जाड पट्ट्याला छेद देतात, नसेला जागा मिळते. रात्रीच्या मुंग्या त्याच आठवड्यात गेल्या. तळहाताच्या बुडाशी दोनेक महिने दुखत होतं, बरणीचं झाकण उघडत नव्हतं. बोटांची जाण मात्र मुंगीच्या पावलांनी परतली.

याचंही गणित आहे. आतून तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. तुमच्या मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावा. सतरा-अठरा सेंटिमीटर ना? म्हणजे जवळजवळ सहा महिने! मार्च २०२४मध्ये मला पर्समधलं नाणं न बघता ओळखता आलं. मधल्या बोटाचं टोक आजही किंचित बोथट आहे. स्केचेस मात्र जोरात चालू आहेत.

त्याच रात्री हॉस्पिटल गाठा, जर...

• फ्रॅक्चर किंवा ऑपरेशननंतर बधिरपणा तासागणिक वाढत असेल.
• गोळी घेऊनही वेदना असह्य होत असतील किंवा दुसऱ्या हाताने बोटं सरळ करताना जीव जात असेल.
• बोटं पांढरी, निळी किंवा गार पडली असतील.
• प्लॅस्टर करकचून आवळल्यासारखं वाटत असेल.

यात सकाळची वाट पाहायची नाही. साचलेला दाब काही तासांत नस आणि स्नायू दोन्ही बिघडवू शकतो.

दोन-तीन दिवसांत दाखवा, जर...

• मुंग्यांनी रात्री झोप मोडत असेल.
• वस्तू हातातून निसटत असतील, बटण लागत नसेल.
• आधी बरी असलेली बोटं नंतर सुन्न व्हायला लागली असतील.

मधुमेह किंवा थायरॉइड असेल, किंवा गरोदर असाल, तर जरा जास्तच लक्ष ठेवा. आणि मोडलेल्या मनगटावर, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, मालिश नको म्हणजे नको.

डॉक्टरांकडे जाताना

कागदावर पंजाची आउटलाइन काढा आणि सुन्न भाग पेनने रंगवा. तळहाताच्या मधोमध आणि अंगठ्याच्या बुडाशी जाण शाबूत आहे का, तेही पाहा. त्या कातडीकडे जाणारी फांदी बोगद्याच्या बाहेरून जाते. त्यामुळे तिथे सगळं ठीक आणि बोटं मात्र सुन्न, असं असेल तर दाब बोगद्यातच असण्याची शक्यता वाढते. शेजारी तीन गोष्टी लिहा: कधी सुरू झालं, केव्हा वाढतं, वाढतंय की कमी होतंय. दोन मिनिटांचं काम आहे. गर्दीच्या ओपीडीत हाच कागद तुमच्या वतीने सगळ्यात स्पष्ट बोलतो!