टर्फला पाण्याआधी ब्रश हवा

बंगल्यामागे किंवा गच्चीवर क्रिकेटचं छोटं टर्फ टाकून घेताना एक वाक्य हमखास कानावर पडतं : ना कापणी, ना खत, ना रोजचं पाणी, एकदा टाकलं की बघायला नको. पहिल्या तीन गोष्टी खऱ्या आहेत. चौथीवर विसंबलं, तर महागाचं टर्फ काही पावसाळ्यांतच टणक, निसरडं आणि कुबट होतं.

खऱ्या हिरवळीत साफसफाई आपोआप चालू असते. गळलेली पानं बुरशी आणि जिवाणू कुजवतात, कुत्र्याच्या लघवीतला नायट्रोजन मुळं शोषतात, गांडुळं माती भुसभुशीत ठेवतात आणि पात्यांतून उडून जाणारी वाफ मैदान थंड ठेवते. टर्फची पाती बहुधा पॉलिथिलीनची, खालचं कापड पॉलिप्रॉपिलीनचं, त्यावर लेटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा लेप. यातलं काहीच जिवंत नाही. त्यामुळे मातीची ही सगळी कामं घरातल्या माणसांकडे येतात.

हे गवत लोकप्रिय झालं तेच खरं गवत जगेना म्हणून. अमेरिकेत ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम हे छत असलेलं स्टेडियम १९६५ साली सुरू झालं. छताच्या पारदर्शक तावदानांच्या झगमगाटात उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना, म्हणून तावदानं रंगवली आणि खालचं गवत मेलं. १९६६ मध्ये तिथे नायलॉनचं गवत अंथरलं गेलं. पुढे १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि मातीवर वाढलेला भारतीय संघ सातवा आला. आज तेच तंत्र सुधारून आपल्या अंगणात आलं आहे.

टर्फची पाती बाजूला सारून बोटाने चाचपून पाहा. तळाशी सिलिका वाळू लागेल. काही ठिकाणी तिच्यावर जुन्या टायरांचा काळा चुराही असतो. ही भर पात्यांना उभं धरते, खालच्या कापडाला वजन देते आणि पडणाऱ्या गुडघ्याला बसणारा धक्का थोडा झेलते. वाळूचे गोलसर दाणे एकमेकांना टेकतात तेव्हा मध्ये पोकळी उरते आणि पाणी तिथूनच निथळतं. बारीक धूळ, पानांचा भुगा, तुटलेल्या पात्यांचे तंतू त्या पोकळीत जाऊन बसले की वाळू घट्ट होते. मग चेंडू वेडावाकडा उसळतो आणि पावसात डबकी साचतात. फलंदाज उभा राहतो ती क्रीज आणि गोलंदाजाचा पुढचा पाय आपटतो ती जागा सगळ्यात आधी जाते. तिथली भर उधळते, उघडी पडलेली पाती आडवी होतात आणि बुटांखाली चिरत जातात.

म्हणून या कामाचं मुख्य अवजार लांब दांड्याचा, नायलॉनच्या ताठ केसांचा ब्रश. तारेचा ब्रश पाती फाडतो, तो नको. रोज खेळ होत असेल तर आठवड्यातून एकदा, टर्फ कोरडं असताना, पाती झुकली आहेत त्याच्या उलट दिशेने ब्रश फिरवावा. पाती उभी राहतात आणि वाळूचा वरचा थर मोकळा होतो. क्रीजवर पट्टी उभी धरून भरीची खोली बघावी. इतर भागापेक्षा कमी असेल तर कोरडी वाळू पसरून ब्रशने आत उतरवावी. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत घर्षणाने पात्यांवर विद्युतभार साचतो. पॉलिथिलीन वीजवाहक नसल्याने तो लवकर निघून जात नाही आणि धूळ चिकटून राहते. त्यावर पाण्याचा हलका फवारा पुरतो.

पावसाळ्यातल्या शेवाळाचंही मूळ धुळीतच आहे. शेवाळ प्लॅस्टिक खात नाही. त्याला ओल, सावली आणि धुळीतली खनिजं लागतात. ते भिंतीलगत आधी धरतं, ते यामुळेच. मे महिन्यात धूळ काढून निचऱ्याची भोकं मोकळी केली, तर जूनमध्ये औषधाची गरज फारशी उरत नाही. कडेच्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं पिंपळाचं बी उगवलं, तर ते दोन पानांचं असतानाच उपटावं. गच्चीवर तर नक्कीच.

घरात कुत्रा असेल तर वासाचा प्रश्न येतो. लघवीतल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात आणि तो वास भरीत मुरतो. लगेच भरपूर पाणी ओतणं हा सर्वांत चांगला उपाय. वास मुरलाच, तर पाणी मिसळून सौम्य केलेलं व्हिनेगर शिंपडावं. त्यातलं ॲसिड अमोनियाला उदासीन करतं. मात्र इथे एक धोका अगदी खरा आहे. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाशी ब्लीचचा संयोग झाला, तर घातक क्लोरामाइन तयार होतात. टर्फवर ब्लीच वापरूच नये, हे माझं स्पष्ट मत.

भर उन्हात टर्फचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या वर सहज जातो. पाणी मारलं की बाष्पीभवनाने तो झटकन थंड होतो, पण पाणी उडालं की पुन्हा तापतो; शिवाय बोअरचं जड पाणी पात्यांवर पांढरट क्षार सोडून जातं. दुपारी खेळ बंद ठेवणं हाच शहाणपणा. पॉलिथिलीन साधारण १२० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे दिवाळीत टर्फवर फुलबाजीसुद्धा पेटवू नये. वितळलेलं पातं पुन्हा उभं राहत नाही, तेवढा तुकडा कापून बदलावा लागतो.

शेवटी त्या ब्रशने गोळा झालेल्या कचऱ्याबद्दल. त्यात प्लॅस्टिकचे तंतू आणि रबराचे कण असतात. नळी सोडून तो धुतला, तर ते गटारातून नाल्यात आणि नदीत जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार मैदानात भरायच्या अशा रबरी, प्लॅस्टिक दाण्यांची विक्री तिथे ऑक्टोबर २०३१ पासून बंद होणार आहे. आपण त्यासाठी नियमाची वाट पाहायला नको. निचऱ्याच्या तोंडावर बारीक जाळी बसवा, साचलेला कचरा सुपलीत भरा आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाका.